एकाच शरीरातील एचआयव्हीची उत्क्रांती कशी अभ्यासावी

एचआयव्हीचा संसर्ग झाल्यानंतर उपचार मिळाले नाहीत, तर विषाणूच्या वर्षाला साधारण दीडशे पिढ्या त्या एकाच शरीरात होतात. एड्सच्या अवस्थेपर्यंत पोहोचायला सरासरी आठ ते दहा वर्षे लागतात, असे धरले तर अखेरच्या नमुन्यातला विषाणू सुरुवातीच्या विषाणूपासून हजाराहून अधिक पिढ्या दूर गेलेला असतो. इतकी दीर्घ उत्क्रांती इतक्या थोड्या काळात, प्रत्यक्ष डोळ्यांसमोर आणि तारखांसह पाहण्याची संधी जीवशास्त्रात क्वचितच मिळते. ज्यांच्या हाती एकाच व्यक्तीचे वेगवेगळ्या काळातले नमुने आहेत, किंवा अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील एचआयव्ही अनुक्रमांच्या (जीनोममधील बेसच्या क्रमांच्या) सार्वजनिक संग्रहातून असे संच उतरवून घेऊन काम करायचे आहे, अशा विद्यार्थ्यांसाठी आणि नवोदित संशोधकांसाठी ही मार्गदर्शिका आहे. तिचा भर एका गोष्टीवर आहे. नमुन्यातून विषाणूचे नेमके किती मूळ रेणू आपल्या हाती आले, हे माहीत नसेल तर पुढच्या कोणत्याही आलेखावर विश्वास ठेवता येत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी मनात ठेवायचे आकडे

एचआयव्ही-१ चा जीनोम सुमारे ९,७०० बेसचा आहे. आरएनएपासून डीएनए तयार करणारे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर चुका दुरुस्त करत नाही. एका प्रतिकृतीच्या फेरीत दर बेसमागे साधारण ३ × १०⁻⁵ इतका त्याचा चुकीचा दर असतो. गुणाकार केला तर दर तीन नव्या जीनोमांमागे सरासरी एक नवे उत्परिवर्तन होते. पेरेल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली औषधाने प्रतिकृती थांबवून व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) कसा उतरतो याचे गणित मांडले. त्यावरून उपचार न घेतलेल्या व्यक्तीच्या शरीरात दररोज सुमारे १०¹⁰ विषाणूकण तयार होतात आणि एका पिढीला सरासरी २.६ दिवस लागतात, असा अंदाज निघाला. म्हणजे जीनोममधील प्रत्येक जागेवरचे प्रत्येक शक्य असलेले एकेरी उत्परिवर्तन शरीरात कुठेतरी रोजच निर्माण होत असते.

यावरून अनेक जण असा निष्कर्ष काढतात की एचआयव्हीच्या बाबतीत योगायोगाला जागाच नाही आणि सर्व काही नैसर्गिक निवडीने ठरते. हा निष्कर्ष घाईचा आहे. अनुक्रमांतील विविधतेवरून काढलेली प्रभावी लोकसंख्या, म्हणजे पुढच्या पिढ्यांना खरोखर हातभार लावणाऱ्या विषाणूंची संख्या, विषाणूकणांच्या संख्येपेक्षा कितीतरी कमी येते. अनेक अभ्यासांत ती हजार ते लाख यांच्या दरम्यान आली आहे. बहुतेक कण कोणत्याही पेशीला संसर्ग न करताच नष्ट होतात, संसर्ग झालेल्या अनेक पेशींतून पुढची पिढी निघत नाही, आणि एखादे फायद्याचे उत्परिवर्तन वेगाने पसरले की त्याच्याशी जोडलेली इतर उत्परिवर्तनेही आपोआप वर येतात. त्यामुळे एखाद्या उत्परिवर्तनाचे प्रमाण वाढलेले दिसले की ते निवडीनेच वाढले असे गृहीत धरू नये. ते सिद्ध करावे लागते.

नमुने आणि त्यांच्यासोबतची माहिती

सर्वांत मोलाचा नमुना सर्वांत पहिला असतो. संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतले रक्तद्रव मिळाले, तर त्यातून संस्थापक विषाणूचा, म्हणजे ज्याच्यापासून संसर्ग सुरू झाला त्याचा, अनुक्रम जवळजवळ थेट वाचता येतो. कील आणि सहकाऱ्यांनी २००८ साली १०२ व्यक्तींचा अभ्यास केला, तेव्हा त्यांपैकी ७८ व्यक्तींमध्ये संसर्ग एकाच विषाणूपासून सुरू झाल्याचे दिसले. इतरांमध्ये दोन किंवा अधिक संस्थापक होते. संस्थापक एक की अनेक, हे ठरवल्याशिवाय पुढचे मोजमाप सुरू करू नये. पहिल्या नमुन्यातील अनुक्रमांच्या सर्व जोड्यांमधले फरक मोजून त्यांचा आलेख काढावा. एकच संस्थापक असेल, तर बहुतेक जोड्या शून्य ते मोजक्या बेसच्या फरकाच्या असतात आणि त्यांचे वितरण पॉसाँ वितरणाशी (क्वचित, स्वतंत्रपणे घडणाऱ्या घटनांच्या संख्येच्या वितरणाशी) जुळते. वितरणाला दोन शिखरे दिसली, तर संस्थापक एकाहून अधिक असण्याची शक्यता गांभीर्याने घ्यावी लागते.

नंतरचे नमुने शक्यतो वर्षाला किमान एक किंवा दोन असावेत. प्रत्येक नमुन्यासोबत त्याची तारीख, त्या दिवसाचा व्हायरल लोड, सीडी४ पेशींची संख्या, उपचार सुरू झाल्याची आणि थांबल्याची तारीख, आणि व्यक्तीचा एचएलए प्रकार ही माहिती असायला हवी. एचएलए म्हणजे टी पेशींना प्रथिनांचे तुकडे दाखवणारे पेशींवरचे रेणू. हा प्रकार माहीत नसेल तर मारक टी पेशींचा दबाव कोठे पडत होता याचा केवळ तर्कच करता येतो. ही माहिती ज्या माणसांकडून येते त्यांनी वर्षानुवर्षे रक्त दिलेले असते. त्यांची लेखी संमती कोणत्या वापरासाठी होती हे वाचून घेणे आणि तारखा व ठिकाणे ओळख पटेल अशा रीतीने कोठेही न छापणे, हा कामाचाच भाग समजावा.

रक्तद्रव आणि रक्तपेशी यांतील अनुक्रम एकत्र मिसळू नयेत. रक्तद्रवातला आरएनए त्या आठवड्यात निर्माण होत असलेल्या विषाणूचे चित्र देतो. पेशींतला डीएनए मात्र जुन्या काळात पेशीत शिरून तसाच राहिलेल्या प्रोव्हायरसांचेही (पेशीच्या जीनोममध्ये बसलेल्या विषाणूच्या डीएनएचेही) चित्र देतो, आणि त्यातील बहुतांश प्रोव्हायरस सदोष असतात. दोन्ही एकाच आलेखात टाकले तर उत्क्रांती मंदावल्याचा खोटा भास होतो.

मूळ रेणू किती होते?

आधुनिक सीक्वेन्सिंग यंत्र एका नमुन्यातून लाखो रीड (वाचलेले अनुक्रमांचे तुकडे) देते, आणि नेमकी इथेच सर्वाधिक फसगत होते. समजा एका नमुन्याचा व्हायरल लोड दर मिलिलिटरला २,००० प्रती आहे आणि आपण अर्धा मिलिलिटर रक्तद्रव घेतले. म्हणजे हाती आलेल्या प्रती १,०००. आरएनए वेगळा करताना आणि त्याचा सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) बनवताना त्यांपैकी दहापैकी एकच प्रत यशस्वीपणे पुढे गेली, असे धरले तर उरले १०० मूळ रेणू. या १०० रेणूंपासून पीसीआरने (डीएनएच्या असंख्य प्रती बनवणाऱ्या पद्धतीने) वाढवलेल्या द्रवातून एक लाख रीड घेतले, तरी त्या लाख रीडमध्ये माहिती १०० रेणूंचीच असते. अशा नमुन्यात ०.३ टक्के प्रमाणात दिसणारे उत्परिवर्तन खरे असण्यापेक्षा पीसीआरची किंवा यंत्राची चूक असण्याचीच शक्यता जास्त, कारण शंभर रेणूंत मोजता येणारी सर्वांत लहान पायरी एक टक्क्याची असते. रीडची खोली कितीही वाढवली तरी ही मर्यादा हलत नाही.

यावर दोन खात्रीचे मार्ग आहेत. पहिला मार्ग एकेका रेणूचे स्वतंत्र प्रवर्धन करण्याचा. सीडीएनए इतका पातळ करायचा की प्लेटवरील ३० टक्क्यांहून कमी खड्ड्यांतच पीसीआर यशस्वी व्हावा. पॉसाँच्या गणितानुसार ३० टक्के खड्डे यशस्वी असतील, तर त्या यशस्वी खड्ड्यांपैकी सुमारे ८३ टक्के खड्ड्यांत एकच मूळ रेणू असतो. त्याहून पातळ केले तर हे प्रमाण आणखी वाढते. ही पद्धत कष्टाची आणि खर्चाची आहे, पण तिच्यात एक अनुक्रम म्हणजे एक विषाणू असा सरळ हिशेब राहतो, आणि पीसीआरमध्ये दोन वेगवेगळे रेणू अर्धवट जुळून तयार होणारे खोटे संकरही जवळजवळ टळतात. ज्या अनुक्रमात एखाद्या जागेवर दोन बेसची शिखरे एकावर एक दिसतात, तो खड्डा दोन रेणूंचा होता असे समजून तो बाजूला ठेवावा.

दुसरा मार्ग प्रत्येक सीडीएनए रेणूला त्याच्या जन्माच्या क्षणीच वेगळी ओळखखूण लावण्याचा. प्रायमरमध्येच (प्रत बनवण्याची सुरुवात ज्यापासून होते त्या छोट्या तुकड्यात) काही बेस यादृच्छिक ठेवले की प्रत्येक रेणूला स्वतःचा सांकेतिक क्रम मिळतो. नंतर एकाच खुणेचे सर्व रीड एकत्र करून त्यांचा बहुमताने एक अनुक्रम काढला जातो. यात पीसीआरच्या आणि यंत्राच्या बहुतेक चुका गळून पडतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेगवेगळ्या खुणा मोजल्या की मूळ रेणूंची संख्या थेट कळते. माझ्या मते मोठ्या प्रमाणावर काम करायचे असेल तर हा मार्ग आज सर्वांत योग्य आहे. मात्र लांब जीनोममधील दूरच्या जागांचा परस्परसंबंध पाहायचा असेल, तर पहिल्या मार्गाला अजूनही तोड नाही.

किती अनुक्रम पुरेसे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. जे रूप लोकसंख्येत १५ टक्के आहे ते २० अनुक्रमांत एकदा तरी सापडण्याची शक्यता ९६ टक्के असते. दहा टक्क्यांच्या रूपासाठी तितक्याच अनुक्रमांत ही शक्यता ८८ टक्क्यांवर येते. पाच टक्क्यांचे रूप ९५ टक्के खात्रीने पकडायचे असेल, तर सुमारे ६० अनुक्रम लागतात. त्यामुळे "हे उत्परिवर्तन तिसऱ्या वर्षी नव्हते आणि चौथ्या वर्षी आले" असे लिहिण्याआधी तिसऱ्या वर्षीचे अनुक्रम किती होते ते पाहावे. ते १२ असतील, तर खरे विधान एवढेच होते की ते उत्परिवर्तन सापडले नाही.

अनुक्रमांची साफसफाई

अलाइनमेंट, म्हणजे अनुक्रम एकमेकांखाली जुळवून मांडणे, मॅफ्टसारख्या प्रणालीने करावी, पण ती कोडॉनच्या (एक अमिनो आम्ल ठरवणाऱ्या तीन बेसच्या) चौकटीत बसवून डोळ्यांनी तपासावी. जागांचे क्रमांक एचएक्सबी२ या संदर्भ अनुक्रमाप्रमाणे द्यावेत, म्हणजे वाचकाला दुसऱ्या अभ्यासाशी तुलना करता येते. आवरण प्रथिनाच्या व्ही१ आणि व्ही२ या वळणांमध्ये बेसची भर आणि घट इतकी होते की कोणतीही प्रणाली तिथे खात्रीची मांडणी देऊ शकत नाही. अंतर मोजताना हा भाग वगळावा आणि वळणांची लांबी स्वतंत्रपणे नोंदवावी, कारण संसर्गाच्या काळात ती लांबी आणि शर्करेच्या साखळ्यांची संख्या बदलणे ही स्वतःच उत्क्रांतीची एक महत्त्वाची खूण आहे.

त्यानंतर अतिउत्परिवर्तित अनुक्रम शोधावेत. एपोबेक३जी हे पेशीचे संरक्षक प्रथिन विषाणूच्या नव्या डीएनएतील सी या बेसवर हल्ला करते, आणि परिणामी मुख्य धाग्यात जी च्या जागी ए दिसू लागते, विशेषतः जिथे दोन जी शेजारी असतात तिथे. विषाणूचे व्हिफ प्रथिन या संरक्षकाला नष्ट करते, पण प्रत्येक वेळी त्याला यश येत नाही. अशा अनुक्रमांत टीजीजी या ट्रिप्टोफॅनच्या कोडॉनचे टीएजी हे थांबा-चिन्ह झालेले वारंवार दिसते. लॉस अलामॉसच्या संकेतस्थळावरील हायपरम्यूट हे साधन त्यांना ओळखते. पेशींतील डीएनएमध्ये असे अनुक्रम हमखास असतात. ते झाडात, म्हणजे अनुक्रमांच्या वंशवृक्षात, राहू दिले तर त्यांच्या फांद्या अकारण लांब होतात आणि बदलांवरून काळ मोजण्याचे घड्याळ बिघडते.

दूषण तपासण्यासाठी आपल्या प्रयोगशाळेत त्या काळात हाताळलेल्या सर्व व्यक्तींचे अनुक्रम आणि प्रयोगशाळेतील प्रमाणित विषाणूंचे अनुक्रम एकत्र घेऊन एक झाड काढावे. एका व्यक्तीचे सर्व अनुक्रम एकाच गटात पडले पाहिजेत. एखादा अनुक्रम दुसऱ्याच्या गटात सापडला, तर पहिला संशय दूषणाचाच घ्यावा. दुहेरी संसर्ग शक्य असतो, पण तो नव्या नळीतील द्रवापासून पुन्हा सिद्ध झाल्यावरच मान्य करावा.

अंतर आणि विविधता या दोन वेगळ्या राशी आहेत

अंतर म्हणजे एखाद्या नमुन्यातले अनुक्रम संस्थापकापासून सरासरी किती टक्के बदलले आहेत ते. विविधता म्हणजे त्या एका नमुन्यातलेच अनुक्रम एकमेकांपासून सरासरी किती टक्के वेगळे आहेत ते. शंकरप्पा आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली नऊ पुरुषांचा संसर्गाच्या सुरुवातीपासून सहा ते बारा वर्षांपर्यंत मागोवा घेतला आणि आवरणाच्या जनुकातील सी२ ते व्ही५ या भागात या दोन राशी वेगवेगळ्या वाटेने जातात हे दाखवले. सुरुवातीच्या काळात दोन्ही वाढतात, आणि अंतर वर्षाला सुमारे एक टक्का या गतीने वाढते. मधल्या काळात अंतर तसेच वाढत राहते, पण विविधता थांबते किंवा घटते. अखेरच्या काळात, सीडी४ पेशी खालावत असताना, अंतराची वाढही मंदावते.

हे दोन आकडे एकत्र वाचायला शिकणे हा या मार्गदर्शिकेतला सर्वांत उपयोगी भाग आहे, असे मला वाटते. समजा सहाव्या वर्षाच्या नमुन्यात अंतर ५.५ टक्के आहे आणि विविधता २ टक्के. सर्व अनुक्रम संस्थापकापासून थेट स्वतंत्रपणे निघालेले असते, तर विविधता अंतराच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे ११ टक्क्यांच्या आसपास आली असती. ती फक्त २ टक्के आहे, म्हणजे या अनुक्रमांचा सामाईक पूर्वज त्यांच्यापासून सरासरी एक टक्का मागे आहे. बदलाची गती वर्षाला एक टक्का धरली, तर तो पूर्वज सुमारे एक वर्षापूर्वीचा ठरतो. सहा वर्षांच्या इतिहासात असंख्य वंश निर्माण झाले, पण आज उरलेले सगळे वर्षभरापूर्वीच्या एका विषाणूचे वंशज आहेत आणि बाकीचे वंश मागे पडून संपले. म्हणूनच शरीरातील एचआयव्हीचे झाड एका लांब खोडाचे आणि त्याला लागलेल्या आखूड फांद्यांचे दिसते.

संस्थापक दोन असतील तर प्रत्येक अनुक्रमाचे अंतर त्याच्या स्वतःच्या संस्थापकापासून मोजावे. तसे केले नाही तर पहिल्याच दिवशी विविधता मोठी दिसते आणि संपूर्ण वक्र चुकीचा ठरतो. मोजमाप जनुकानुसार वेगळे ठेवणेही आवश्यक आहे. आवरणाचे जनुक झपाट्याने बदलते, पोल जनुक हळू बदलते, आणि दोघांची सरासरी काढली तर ती कोणत्याच जनुकाबद्दल काही सांगत नाही.

झाड, घड्याळ आणि पुनर्संयोजन

झाड काढण्यासाठी आयक्यू-ट्रीसारखी प्रणाली पुरेशी आहे. झाडाचे मूळ शक्यतो सर्वांत जुन्या नमुन्यात ठेवावे. मग टेम्पेस्ट या प्रणालीत मुळापासून प्रत्येक टोकापर्यंतचे अंतर नमुन्याच्या तारखेसमोर मांडून सरळ रेषा बसते का ते पाहावे. रेषा बसत नसेल, तर बीस्ट या प्रणालीत जाऊन वंशांच्या तारखांचे अंदाज काढू नयेत, कारण त्या प्रणालीला काही ना काही उत्तर देणे भागच असते. रेषेच्या खूप खाली पडणारे अनुक्रम बहुधा सुप्त (विषाणू बाळगून निष्क्रिय राहिलेल्या) पेशींतून परत आलेले जुने विषाणू असतात. ते चुकून आलेले समजून टाकून न देता वेगळे नोंदवावेत.

एचआयव्हीच्या प्रत्येक कणात आरएनएच्या दोन प्रती असतात आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज एका प्रतीवरून दुसरीवर उड्या मारते. एकाच पेशीला दोन वेगळ्या विषाणूंचा संसर्ग झालेला असेल, तर त्यातून मिश्र जीनोम तयार होतात. झानिनी, नेहर, आल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली नऊ व्यक्तींचे संपूर्ण जीनोम अनेक वर्षे वाचले, तेव्हा सुमारे १०० बेसच्या पलीकडच्या दोन जागांमधला परस्परसंबंध जवळजवळ विरून गेलेला दिसला. याचा व्यावहारिक अर्थ असा की संपूर्ण जीनोमचे एकच झाड काढणे दीर्घ संसर्गात दिशाभूल करणारे ठरते. जीनोमचे तुकडे करून झाडे काढावीत आणि ती एकमेकांशी पडताळावीत.

झाडावरून कोणाकडून कोणाला संसर्ग झाला असावा असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. दोन व्यक्तींचे अनुक्रम जवळचे असले तरी मध्ये नमुना न घेतलेली तिसरी व्यक्ती असू शकते, आणि अशा निष्कर्षाने एखाद्याचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते.

निवडीचा माग कसा काढावा

मारक टी पेशींपासून सुटका हा विषाणूच्या सुरुवातीच्या उत्क्रांतीचा सर्वांत स्पष्ट भाग आहे, आणि तो एका ठोस उदाहरणावरून समजून घ्यावा. ज्या व्यक्तींचा एचएलए प्रकार बी५७ असतो, त्यांच्या टी पेशी गॅग प्रथिनातील २४० ते २४९ या दहा अमिनो आम्लांच्या तुकड्याला ओळखतात. त्याचे नाव टीडब्ल्यू१०. यातील २४२ व्या जागेवर थ्रिओनीनच्या ऐवजी ॲस्पॅराजीन आले की टी पेशींची ओळख ढासळते. हा बदल अशा व्यक्तींमध्ये वारंवार आणि लवकर दिसतो. मात्र त्याची किंमत असते. कॅप्सिडच्या (विषाणूच्या गाभ्याभोवतीच्या कवचाच्या) त्या भागात बदल झाल्याने विषाणूची वाढ मंदावते, आणि नंतर जवळच्या जागांवर भरपाई करणारी उत्परिवर्तने येतात. हाच विषाणू बी५७ नसलेल्या व्यक्तीत गेला, तर २४२ व्या जागेवर पुन्हा थ्रिओनीन परत येते. सुटका, किंमत, भरपाई आणि परती ही चारही पावले एकाच जागी दिसत असल्यामुळे आपल्या पहिल्या संचात ही जागा जरूर पाहावी.

परतीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण संस्थापकापासूनचे अंतर वाढत असताना अनेक जागा प्रत्यक्षात विषाणूच्या सर्वसाधारण रूपाकडे परतत असतात. म्हणून प्रत्येक बदलासाठी दोन तुलना कराव्यात, एक संस्थापकाशी आणि दुसरी त्या उपप्रकाराच्या सर्वसाधारण अनुक्रमाशी. आधीच्या यजमानाच्या टी पेशींपासून सुटण्यासाठी झालेले बदल नव्या शरीरात पुसले जात आहेत की नवे बदल होत आहेत, हे याशिवाय कळत नाही.

प्रतिपिंडांपासूनची सुटका आवरणात शोधावी. तिथे ॲस्पॅराजीन, त्यानंतर प्रोलीन सोडून कोणतेही अमिनो आम्ल, आणि मग सेरीन किंवा थ्रिओनीन, असा तीन जागांचा क्रम असेल तर ॲस्पॅराजीनला शर्करेची साखळी लागू शकते. अशा जागा प्रत्येक नमुन्यात मोजाव्यात आणि त्या कोठून कोठे सरकल्या हे पाहावे. ३३२ व्या जागेवरची साखळी नाहीशी होऊन ३३४ वर येणे, किंवा उलट घडणे, हा एक ओळखीचा डाव आहे. समकालीन रक्तद्रव त्याच काळातल्या विषाणूला फारसे अडवू शकत नाही, पण काही महिन्यांपूर्वीच्या विषाणूला अडवते, हे प्रयोगाने दाखवता आले तर अनुक्रमांतील बदलाला भक्कम आधार मिळतो.

अर्थ बदलणाऱ्या (अमिनो आम्ल बदलणाऱ्या) आणि मूक (अमिनो आम्ल न बदलणाऱ्या) उत्परिवर्तनांच्या दरांचे गुणोत्तर सर्वत्र वापरले जाते, पण एका शरीराच्या बाबतीत ते जपून वापरावे. नमुन्यात दिसणारे बरेच बदल अजून स्थिर झालेले नसतात, आणि त्यांपैकी अपायकारक बदल लवकरच गाळले जाणार असतात. शिवाय मूक उत्परिवर्तने नेहमी तटस्थ नसतात. आवरणाच्या जनुकातच रेव्ह प्रथिन जिथे बसते ती आरएनएची घडी आहे, आणि टॅट व रेव्ह यांचे भाग त्याच जनुकावर आच्छादलेले आहेत. तिथला मूक बदल दुसऱ्या चौकटीत मूक राहत नाही. निवडीखालच्या जागा शोधणाऱ्या हायफाय या प्रणालीतील फबार किंवा मीम या पद्धती वापरल्या, तरी जी जागा निवडीखाली आहे असे कळते तिच्या प्रमाणाचा काळानुसार आलेख स्वतः काढून पाहावा.

अखेरच्या अवस्थेतले नमुने

काही व्यक्तींमध्ये संसर्गाच्या उत्तरार्धात विषाणू सीसीआर५ या सहग्राहीऐवजी (पेशीत शिरताना सीडी४ सोबत लागणाऱ्या पेशीवरील प्रथिनाऐवजी) सीएक्ससीआर४ वापरू लागतो. उपप्रकार बी मध्ये हे साधारण निम्म्या व्यक्तींत घडते आणि उपप्रकार सी मध्ये त्याहून बरेच कमी. व्ही३ वळणाच्या ११ व्या किंवा २५ व्या जागेवर धनभारित अमिनो आम्ल येणे ही त्याची जुनी आणि सोपी खूण आहे, मात्र तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नये. हा बदल सीडी४ पेशींच्या घसरणीचे कारण आहे की परिणाम, हे केवळ अनुक्रमांवरून ठरवता येत नाही, आणि तसे लिहूही नये. नमुन्यांच्या तारखा पुरेशा जवळजवळ असतील, तर कोणती घटना आधी घडली एवढे मात्र सांगता येते.

अंतराची वाढ अखेरीस का मंदावते, याची एकाहून अधिक स्पष्टीकरणे आहेत. प्रतिकारशक्ती कोसळली की सुटण्याचा दबाव कमी होतो. संसर्गयोग्य पेशी उरत नाहीत म्हणून पिढ्यांचा वेग बदलू शकतो. आणि ज्या जागा सहज बदलू शकतात त्या बदलून झालेल्या असू शकतात. यांत फरक करायचा तर मूक आणि अर्थ बदलणाऱ्या उत्परिवर्तनांची गती वेगवेगळी मोजावी. फक्त अर्थ बदलणाऱ्यांची गती उतरली, तर बोट निवडीकडे जाते. दोन्ही सोबत उतरल्या, तर प्रतिकृतीच्या वेगाकडे पाहावे लागते. लेमी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली याच वाटेने जाऊन मूक उत्परिवर्तनांची गती आणि आजाराची वाटचाल यांचा संबंध दाखवला.

उपचारानंतरचे नमुने

परिणामकारक उपचार सुरू झाल्यावर रक्तद्रवात वाचण्याजोगा विषाणू क्वचितच उरतो आणि अभ्यास पेशींतील डीएनएकडे वळतो. इथे तंतोतंत सारखे अनेक अनुक्रम सापडले की निवड झाली असे समजण्याची चूक होते. संसर्ग झालेली सुप्त पेशी स्वतः विभागून वाढते आणि तिच्या प्रत्येक लेकीत तोच प्रोव्हायरस असतो, त्यामुळे प्रतिकृतीविनाच सारखे अनुक्रम वाढतात. ही शंका दूर करायची तर प्रोव्हायरस मानवी जीनोममध्ये कोणत्या जागी बसला आहे ते वाचावे लागते. जागा एकच असेल तर त्या पेशी एकाच पेशीच्या वंशज आहेत.

औषधाला दाद न देणारी उत्परिवर्तने दिसली, तर आधी औषधाची तारीख पाहावी. लॅमिव्हुडीनविरुद्धचे १८४ व्या जागेवरचे मेथिओनीनच्या ऐवजी व्हॅलीन एका बेसच्या बदलाने येते, आणि औषध एकटे दिले असता ते काही आठवड्यांतच वर येते. औषध थांबवल्यावर रक्तद्रवातून ते नाहीसे झाले, तरी सुप्त पेशींत ते साठलेले राहते. म्हणून अशा व्यक्तीच्या नंतरच्या नमुन्यात ते न सापडल्याची नोंद करताना, किती मूळ रेणू वाचले गेले आणि ते रक्तद्रवातले होते की पेशींतले, हे दोन्ही त्याच ओळीत लिहावे.